जाड की बारीक

१

माझा धंदा ऐकण्याचा. लोक आपापल्या घरात फोनसमोर बसून मनातलं सांगतात आणि मी माझ्या घरातल्या आठ बाय सहाच्या खोलीत बसून ऐकते. याला समुपदेशन म्हणतात. दाराला पाटी मात्र मी लावलेली नाही, कारण इथे गुपितं ऐकली जातात असं लिहिलेल्या दाराला कान लावायचा मोह कुणाला होणार नाही?

खोली पूर्वी अडगळीची होती. आता तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट आणि लॅपटॉप आहे. काम सुरू झालं की दाराबाहेर मी टेबलफॅन लावते, फुल स्पीडवर, म्हणजे आतला शब्द बाहेर जात नाही. सासूबाई रोज विचारतात, "दाराला उकडतंय का गं?" सहा वर्षं झाली, पण हा विनोद त्यांना अजून शिळा वाटत नाही.

गुप्ततेच्या बाबतीत मी फार कडक आहे. बोलायला बसण्याआधी समोरच्या माणसाने फोन फिरवून मला खोली दाखवायची, दार, खिडकी, कपाट, पलंगाखालची जागा. मग मी माझी दाखवते. मग मी विचारते, "खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?" आणि त्या मला विचारतात, "तुम्हीही?" मी म्हणते, "एकटीच." एवढं झाल्याशिवाय मी कुणाला साधं कसं आहात असंही विचारत नाही.

फायलींवर नावं नाहीत. टेबलावर पडलेल्या वस्तूंची नावं मी माणसांना देते. एक बाई डिंक आहेत, बँकेतले एक साहेब खोडरबर आहेत. सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता येणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं नाव टाचणी. बारीक अंगाच्या, ताठ बसणाऱ्या, आणि बोलता बोलता एकदम टोचेल असं काहीतरी बोलून जाणाऱ्या.

आणि कुणी मध्येच खोलीत शिरलं तर? त्याचीही सोय आहे. सगळ्यांनी हाताशी सुया आणि लोकर ठेवायची. दार वाजलं की म्हणायचं, "बाई, लोकर जाड घ्यायची की बारीक?" त्या क्षणी माझा विणकामाचा क्लास सुरू होतो. मी पण टेबलावरचं विणकाम उचलते आणि उलटा टाका, सुलटा टाका असं काहीबाही बोलत राहते. आलेलं माणूस गेलं की तिकडून उत्तर येतं, "बारीकच घेते मग," म्हणजे धोका टळला.

यात एकच अडचण आहे. मला विणता येत नाही. टेबलावर असतो तो चार बोटं रुंद, करड्या लोकरीचा तुकडा लोकरीच्या दुकानातल्या बाईंनी नमुना म्हणून फुकट दिला होता, सुयांसकट. सहा वर्षं मी तोच वर उचलून खाली ठेवते आहे. खोडरबरसाहेब मात्र या भानगडीत खरोखरच विणायला शिकले, आणि हल्ली ते माझ्या तुकड्याकडे कीव आल्यासारखे बघतात.

२

एका रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो होतो. बारा-पंधरा माणसं होती. जेवणं झाल्यावर सगळे सुस्तावले, आणि मी ही विणकामाची गंमत सांगितली. नावं अर्थातच घेतली नाहीत. एका बाईंचा नवरा कसा अचानक आत येतो, त्या कशा एकदम लोकरीवर येतात, आणि शिकवणाऱ्या बाईंनाच कसं विणता येत नाही, हे मी हातवारे करून सांगितलं. लोक पोट धरून हसले. नणंदेचे यजमान तर डोळे पुसत होते. मला फार बरं वाटलं. दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकणाऱ्या माणसाला कधी कुणी हसून दाद देत नाही.

सोमवारी अकराला टाचणी आल्या. त्यांनी खोली दाखवली, मी दाखवली. त्यांच्या आवाजात त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं.

"मॅडम, माझं ठरलं," त्या म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी, सकाळी दहाला. हे नऊला ऑफिसला जातात. मावशी गाडी घेऊन मागच्या गल्लीत थांबणार आहे. हे फक्त मावशीला, मला आणि तुम्हाला माहीत आहे."

टाचणींचा नवरा मारत नाही, ओरडतही नाही. तो मोजतो. किती वाजता गेलीस, किती वाजता आलीस, फोनवर किती मिनिटं, कुणाशी, का. मागे एकदा त्या न सांगता माहेरी गेल्या होत्या, तर त्यांची सगळी कागदपत्रं त्याने आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती त्यांनी वर्षभरात एकेक करून बाहेर काढली होती. त्याला आधी सुगावा लागला तर पुन्हा काय होईल, हे आम्हा दोघींना बोलून दाखवायची गरज नव्हती.

तासभर बोललो. मध्ये मला एक बारीक आवाज येत होता. टिक. मग थांबून पुन्हा टिक, टिक. मला वाटलं घड्याळ. टाचणी गेल्यावर आठवलं की या खोलीत घड्याळ नाही.

आवरताना तुकडा उचलला आणि तो थोडा जड लागला. पाहिलं तर चार बोटांचा तुकडा सहा बोटांचा झाला होता.

३

मी शिकलेली बाई आहे. मी आधी सासूबाईंवर संशय घेतला.

त्या उत्तम विणतात, त्यांना सगळ्या जगाची पंचाईत असते आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी खोलीत नसताना आत जाऊन चार ओळी विणणं त्यांना अशक्य नव्हतं. मी बाहेर आले. त्या सोफ्यावर पेपर वाचत होत्या.

"आई, माझ्या विणकामाला हात लावलात का?"

"त्याला विणकाम म्हणतेस तू?"

"ते वाढलंय."

"मग शिकलीस वाटतं," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

मी खोलीला कुलूप लावलं. किल्ली गळ्यात अडकवली. मंगळवारी डिंकबाई, बुधवारी खोडरबरसाहेब. प्रत्येक वेळी बोलणं रंगात आलं की तो आवाज यायचा, माझ्या डाव्या खांद्याच्या मागून, अगदी जवळून. मी वळले की थांबायचा. मागे काय, तर भिंत आणि बंद कपाट. कपाटातल्या फायलींना मी ओळीने हात लावून पाहिला, त्या जागच्या जागी होत्या. तुकडा आता वीतभर झाला होता आणि दोन्ही कडांनी आत वळायला लागला होता.

गंमत अशी, की मला पहिली भीती भुताची वाटली नाही. मला वाटलं, म्हणजे या खोलीत कुणीतरी ऐकतंय. मी दिवसातून चार वेळा "एकटीच" म्हणून शपथेवर सांगते आणि ते खोटं आहे.

४

शेवटी न राहवून तुकडा सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा बदलला. दुसरा चष्मा त्या फक्त सोनं आणि विणकाम बघायला लावतात.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई डावखुरी आहे."

"हे कशावरून?"

"टाका कुठे झुकतोय बघ. मी चाळीस वर्षं विणलंय, मला शिकवू नकोस." त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला आणि बोट फिरवत नेलं. "ही दुसरीकडे लक्ष ठेवून विणते. काहीतरी ऐकत असते. इथे वीण सैल आहे, हसली असेल. इथे बघ, इथे आवळली आहे. इथे फार वाईट काहीतरी ऐकलं हिने."

बोट होतं तिथून ओळी मागे मोजल्या. तो टाचणींचा सोमवार होता.

"तुझी ती टाचणी बरी आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "नवरा तिचा फारच विचित्र गं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू. भाजी निवडताना. तू सगळंच सांगतेस की. डिंकबाईंची जाऊ, तो बँकवाला, सगळं. नाव घेत नाहीस एवढंच."

मी म्हटलं, ते वेगळं.

५

आमच्या धंद्यात समुपदेशकालाही एक समुपदेशक लागतो. माझ्या त्या ताई. सत्तरीच्या आहेत आणि त्यांना आश्चर्य वाटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मी बुधवारी दुपारी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोलीत तिसरी व्यक्ती आहे हे क्लायंटना कळवलंस का?"

"ताई, ती व्यक्ती आहे की नाही तेच कळत नाही."

"तुला शंका आहे ना? मग कळवायचं. नियम स्पष्ट आहे. ऐकणारं कोण आहे ते त्यांना माहीत पाहिजे. जिवंत आहे की नाही याबद्दल नियमात काही नाही."

"आणि उद्या टाचणींनी घाबरून यायचंच बंद केलं तर? शुक्रवार तोंडावर आलाय. मावशी आणि मी सोडून त्यांना कुणी नाही."

"म्हणून खोटं बोलणार का?" ताईंनी विचारलं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि रेकॉर्ड ठेवत असेल तर त्याची लेखी संमती लागेल."

६

गुरुवारी अकराला टाचणी पडद्यावर आल्या. डोळे जागरणाचे, पण चेहरा शांत होता. त्यांनी फोन फिरवला, दार, खिडकी, कपाट, पलंगाखालची जागा. मी माझी खोली दाखवली. कपाटाजवळ माझा हात थोडा अडखळला.

"खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?"

"हो. तुम्हीही?"

मी तोंड उघडलं. सांगायचं ठरवलेलं सगळं ओठांवर होतं. तेवढ्यात त्यांचे डोळे पडद्यावरून बाजूला गेले.

"बाई," त्या म्हणाल्या, "लोकर जाड घ्यायची की बारीक?"

मी तुकडा उचलला. "ते तुम्ही काय विणणार त्यावर आहे," मी माझा नेहमीचा पाठ सुरू केला. "सुलटा टाका घालताना सुई अशी..."

टाचणींच्या शेजारी एक माणूस येऊन बसला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. एरवी तो कधी घरी असला तर दारातून डोकावून जायचा. आज त्याने खुर्ची ओढली होती.

"नमस्कार बाई. आज घरूनच काम आहे. म्हटलं, बघावा तरी क्लास."

"या ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आमच्या ऑफिसात एक मस्त विनोद फिरतोय," तो म्हणाला. "एक बाई असतात म्हणे. बायका त्यांच्याकडे विणकामाच्या नावाखाली नवऱ्याची गाऱ्हाणी घेऊन जातात. नवरा आला की विचारतात, लोकर जाड की बारीक? आणि गंमत काय माहीत आहे? बाईंनाच विणता येत नाही. सहा वर्षं तोच चार बोटांचा तुकडा."

तो हसला. अगदी त्याच जागी, जिथे नणंदेचे यजमान हसले होते. शब्द माझे होते. चार बोटांवर थांबायचं, मग हात वर करून तुकडा दाखवायचा, हे सगळं माझं होतं. नावं मी घेतली नव्हती, गावही बदललं होतं, आणि तो विनोद बारा तोंडांतून फिरत फिरत नेमका ज्या घरात जायला नको होता त्या घरात जाऊन बसला होता. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

"तर म्हटलं," तो म्हणाला, "आपल्या बाईंनी चार ओळी विणून दाखवाव्यात. मला बघायला आवडतं."

टाचणी हलल्या नाहीत. त्यांच्या मांडीवरच्या लोकरीचा गुंडा मात्र घरंगळत खाली गेला आणि तो त्यांनी उचलला नाही.

७

मी सुया धरल्या. एक बोटांतून निसटून टेबलावर पडली, तिच्यामागे दुसरी. ही फजिती आणखी दिसू नये म्हणून मी हात खाली घेतले आणि मांड्यांखाली दाबून धरले. आता काय बोलायचं, चष्मा विसरले म्हणावं, हात भाजलाय म्हणावं, लाईट गेली म्हणून सगळं बंदच करावं? बंद केलं असतं तर त्याला उत्तर मिळालंच असतं.

टिक.

डाव्या खांद्यामागून नाही. समोरून, टेबलावरून. टिक, टिक, टिक, सराईत, न थांबता.

आपलं स्वतःचं चित्र पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकोनात दिसतं, तुम्हाला माहीत असेल. मी त्या चौकोनात पाहिलं. त्यात माझा चेहरा होता, घामेजलेला. चेहऱ्याखाली दोन हात विणत होते. मनगटापर्यंत करड्या बाह्या, नखं कापलेली. डाव्या हाताची सुई पुढे जात होती. आणि माझे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली होते, मला त्यांची हाडं टोचत होती.

मी खाली टेबलाकडे पाहिलं नाही. कुणी भित्री म्हटलं तरी चालेल.

चार ओळी झाल्या. नवरा पुढे वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कंटाळ्यात गेलं, जसं विणकाम बघताना कुठल्याही माणसाचं जाईल.

"डावखुऱ्या आहात," तो म्हणाला.

"हं," मी म्हटलं.

"येतं की तुम्हाला." तो उठला. आवाजात थोडी निराशा होती. "चालू द्या. मला मीटिंग आहे. आणि उद्या ऑफिसला जायचंच आहे."

दार लागल्याचा आवाज आला. टाचणींनी उठून कडी पाहिली, परत येऊन बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बारीकच घेते मग."

मी म्हटलं, "तो विनोद माझा आहे. मीच सांगितला. नाव घेतलं नव्हतं."

"त्यांनाही नाव कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "तरी ते खुर्ची घेऊन आले."

मी रडले. क्लायंटसमोर रडू नये असाही एक नियम आहे.

मग टाचणींनी विचारलं, "मॅडम, तुमच्या खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावर माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. "भरवशाच्या आहेत?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग ठीक आहे," टाचणी म्हणाल्या.

८

शुक्रवारी सव्वाबाराला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. त्यात दोनच शब्द होते, 'बारीकच घेतली.' मी तो पुसून टाकला आणि सासूबाईंना मिठी मारली. का, ते सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मग म्हणाल्या, "आज काय झालंय तुला? बोलत का नाहीस?"

संध्याकाळी त्यांनी ते विणकाम पुन्हा हातात घेतलं. आता ते गोल झालं होतं, खालून उघडं आणि वरून बंद.

"हा स्वेटर नाहीच," त्या म्हणाल्या. "टोपी आहे, मानेपर्यंत येणारी. डोळ्यांना जागा ठेवली आहे. नाकाला आहे. कानांना बघ किती छान भोकं ठेवलीत, काठ बांधून." त्यांचं बोट खाली आलं आणि थांबलं. "तोंडाला मात्र... ही तोंड बुजवत आली आहे गं. दोन बोटं उरलंय फक्त."

त्यांनी ती टोपी माझ्या डोक्यावर धरून पाहिली. माप टाक्याचाही फरक न होता जमलं.

त्या दिवसापासून मी गप्प आहे. भाजी निवडताना मी भाजीबद्दल बोलते. नणंदेकडे जेवायला गेले तर जेवते. सुरुवातीला प्रत्येकाला सांगते, खोलीत आणखी एकजण असतात, त्या ऐकतात पण कुणाला सांगत नाहीत. एक डिंकबाई सोडल्या तर कुणी यायचं थांबवलं नाही. खोडरबरसाहेबांनी तर त्यांना एक टाका विचारून घ्यायला सांगितलाय. टिक टिक बंद झाली. चार महिने ती टोपी टेबलावर आहे आणि एक ओळ वाढलेली नाही.

मग मागच्या आठवड्यात मला वाटलं, हे लिहून काढावं. नव्याने या कामात येणाऱ्यांना उपयोग होईल. नावं घ्यायची नाहीत, गाव सांगायचं नाही, वस्तूंची नावंही मी इथे बदलून घातली आहेत, टाचणी ही खरी टाचणी नाही. एवढी काळजी घेतल्यावर कुणाचं काय बिघडणार, असा विचार करून आज सकाळी लिहायला बसले.

पहिला भाग लिहिताना आवाज आला तो फॅनचा समजले. विनोदाचा भाग लिहिताना मला पुन्हा हसू आलं, आणि तेव्हा तो स्पष्ट ऐकू आला. आत्ता टोपी उचलून मोजलं. दोन बोटं नाही, अर्धं बोट उरलंय.

खोडरबरसाहेबांची एक खरंच फार मोठी गंमत आहे. तुम्ही पोट धरून हसला असता.

पण राहू दे.